मांडवातून गेलेली लाइन

वादळानं लोळवलेली टेलिफोन लाइन उभी करावी तर या संतरामनंच! आख्ख्या वसमत तालुक्यात माझ्या तोडीचा लाइनमन नव्हता. हे मत माझं एकट्याचंच होतं, पण पक्कं होतं!

त्या वैशाखात वावटळीनं परभणी-वसमत लाइन पार झोपवली. दुपारी परभणीचे बडे साहेब वसमतच्या आमच्या साहेबांना टेलिफोन करणार होते. लाइन चालू नसली तर माझी नोकरी गेली! मी मर मर मरून सगळे खांब उभे केले. उरला एक, हट्टा गावचा. तो जागेवर नव्हताच!

सापडला द्वारकाबाईच्या अंगणात. हळदकुंकू लावलेला, आंब्याचे डहाळे बांधलेला. लेकीच्या लग्नाची मुहूर्तमेढ!

“बाई, हा सरकारी खांब हाय!”

“असंल! ऐन मुहूर्ताला अंगणात येऊन पडला. देवानंच धाडला म्हणून रोवला.”

“मग आता उपटू द्या.”

“मांडवात लगीन अन् मेढ उपटतूस? मांडवपरतणी झाली की घेऊन जाय!”

वऱ्हाडी बाह्या सरसावायला लागले. मग मी डोकं लढवलं. खांब लाइनीत येत नाही ना? लाइनच मांडवात आणली! मेढीवर चढून तारा ओढल्या, तपासणीचा फोन जोडला, घंटी फिरवली. पलीकडून साक्षात साहेब बोलले! आनंदानं मला रडूच आलं. तेवढ्यात द्वारकाबाईनं फोन हिसकावला.

“कोण बोलून राहिलं?”

“मैं साहब! वसमत से!”

“मंग काहून आला न्हाईत? लेकीचं लगीन हाय. जेवायला या!”

मी डोळे मिटले. गेली नोकरी! पलीकडून साहेबांनी विचारलं,

“बुंदी है क्या?”

“व्हय, तुपातली!”

धुरळा उडवत मोटार आली. साहेब पंगतीला बसले. खांबाकडे बघून म्हणाले, “शाब्बास संतराम!” मी फुगलो. काम फत्ते म्हणून तपासणीचा फोन काढून पेटीत घातला आणि वाढायला लागलो. साहेब नको नको म्हणत होते, मी वाढत होतो.

त्याच वेळी बडे साहेब परभणीहून वसमतला घंटी देत होते. लाइन ठणठणीत होती. फोन उचलायला वसमतेत कोणी नव्हतं!

दुसऱ्या दिवशी बड्या साहेबांनी जाब विचारला. आमच्या साहेबांनी बुंदीचं नावही काढलं नाही. “लाइनच बंद होती, हुजूर. लाइनमन निकम्मा आहे,” एवढंच म्हणाले.

पण साहेबांना पंगतीतून उठू कोणी दिलं नव्हतं? तिसऱ्यांदा बुंदीचा आग्रह मीच केला होता!