अकरा पँट, दोन कोट आणि तीन एकर गहू

मापाच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय! सव्वीस वर्षं टेलर आहे मी. माणूस दुकानाची पायरी चढेपर्यंत त्याची कंबर माझ्या नजरेनं मोजून झालेली असते. टेप लावतो तो त्याच्या समाधानासाठी. त्यामुळे त्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन आला तेव्हा मी जे बोललो ते बढाई मारायची म्हणून नव्हे. ते मनापासून होतं, हे आधीच सांगून ठेवतो.

झालं होतं असं की माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, शिडीवरून पडून दवाखान्यात पाय टांगून पडला होता. इकडे त्याचा तीन एकर गहू असा पिकला होता की वाऱ्याची झुळूक आली तरी दाणे खुळखुळत. आणि संध्याकाळपासून पाऊस, असं रेडिओ सकाळपासून ओरडत होता.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "कापणीचं कंबाइन मिळतंय, पण आजच्या दिवसच. उद्या पहाटे ते लांब दुसरीकडे जाणार. मोरीचा रस्ता खणून ठेवलाय. आता तुमच्या गल्लीतूनच आणावं लागेल. मावेल का हो?"

"वहिनी, तुम्ही शेतावर थांबा. दहाच्या आत मशीन तुमच्या बांधावर उभं करतो. नाही केलं तर कात्रीला हात लावणार नाही!"

फोन ठेवला आणि टेप घेऊन गल्लीत उतरलो. आमची गल्ली सगळ्यात अरुंद कुठे, तर नेमकी माझ्या दुकानासमोर. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला सलूनवाला. त्याच्या पायरीपासून माझ्या पायरीपर्यंत टेप लावला. पंधरा फूट दोन इंच. पुन्हा लावला. पंधरा फूट दोन इंच!

कोपऱ्यावर कंबाइन येऊन उभं होतं. वाचकहो, हे यंत्र तुम्ही शेतात लांबून पाहिलं असेल. गल्लीत जवळून पाहू नका. दुमजली घराला चाकं लावून वर धुराडं बसवावं, असा प्रकार! पुढे तो भलामोठा जबडा. त्याला हेडर म्हणतात. जबड्यावर लांबलचक फिरतं चक्र, जे उभं पीक ओढून पात्यांवर घालतं. त्याला ते लोक रीळ म्हणतात. रीळ माझ्याही धंद्यात आहे, पण माझं दोन बोटांत मावतं. हे चौदा फुटांचं होतं!

ड्रायव्हर उंच, हडकुळा आणि शब्दांचा कंजूष. मी गल्ली दाखवली. त्यानं मान तिरकी केली.

"काका, हेडर काढू. मागून गाड्यावर आणू. दोन तास लागतील."

"दोन तास? आभाळ बघितलंस का? तुझं मशीन चौदा फूट, माझी गल्ली पंधरा फूट दोन इंच. चौदा इंच ढील! अरे, एवढी ढील मी ओव्हरकोटालासुद्धा देत नाही!"

"नीट मोजलंय?"

आता हा प्रश्न मला विचारायचा असतो का? मी नुसता टेप गळ्यात टाकला आणि त्याच्याकडे पाहिलं. तो गुमान वर चढला.

मी पुढे उलटा चालत निघालो. "ये... ये... येऊ दे... डावीकडे जरासं... शाब्बास!" दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून माणसं बघत होती. एवढ्या मोठ्या धुडाला नुसत्या बोटांवर नाचवणारा माणूस आमच्या गल्लीनं प्रथमच पाहिला असेल. माझी छाती दोन इंचांनी फुगली होती. अंदाज नव्हे, माप!

आणि मग 'कर्रर्र' असा आवाज झाला.

पायऱ्या बरोबर मोजल्या होत्या, त्यात तसूभर चूक नव्हती. पण रस्त्यानं चालताना हेडर छातीइतका वर उचललेला असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि छातीच्या उंचीला सलूनवाल्याचा कूलर लोखंडी पिंजऱ्यासकट दीड फूट बाहेर आलेला होता. माझ्या बाजूला तयार कपडे टांगायची दांडी होती, तीही हातभर बाहेर. थोडक्यात, मी कंबर मोजली आणि छाती मोजायची राहिली! नवशिक्या पोरानं केलं असतं तर त्याला मी दुकानातून हाकललं असतं.

हेडरचं एक टोक कूलरच्या पिंजऱ्यात घुसून बसलं. मशीन पुढे जाईना, मागे येईना. आणि हेडर बरोबर सलूनच्या दारावर आडवा.

"माझा कूलर!" सलूनवाला आतून ओरडला.

"आधी मला बाहेर काढा!" त्याच्या मागून दुसरा आवाज आला.

मी वाकून आत पाहिलं. खुर्चीत आमच्या शाळेचे हेडसर! एक गाल चकचकीत, दुसऱ्यावर फेस. त्या दिवशी त्यांचा निवृत्तीचा फोटो होता. बाराच्या ठोक्याला सगळे शिक्षक पटांगणात उभे राहणार होते. आणि फोटोसाठी शिवलेली त्यांची राखाडी पँट, कडक इस्त्री करून, माझ्या दांडीवर टांगलेली होती.

"सर, दोन मिनिटं!" मी म्हणालो. "तुमचा दुसरा गाल होईपर्यंत रस्ता मोकळा!"

"कसा होणार?" सलूनवाला म्हणाला. "वस्तरा धारेला लावायचा पट्टा बाहेर खिळ्याला आहे. तुमच्या मशीनच्या पलीकडे!"

ड्रायव्हरला वरून डावी बाजू दिसत नव्हती. तो उतरला. "काका, वर बसा. ब्रेकवर पाय ठेवा. बाकी कशाला हात लावू नका."

मी बसलो. खरं सांगतो, एवढ्या उंचावरून आपली गल्ली पाहण्यात एक वेगळीच मजा आहे! इंजिन धडधडत होतं, पायाखालची जमीन, म्हणजे पत्रा, थरथरत होता. खाली ड्रायव्हर पिंजऱ्याशी वाकला, मग हात हलवत ओरडला, "हेडर वर घेऊ नका!"

इंजिनाच्या आवाजात त्यातलं 'नका' कुठेतरी गळून पडलं.

हेडर वर घ्यायचा. ठीक! समोर दोन दांडे, एक लाल, एक काळा. आता लाल म्हणजे धोका, हे लहान मुलालाही कळतं. म्हणून मी विचारपूर्वक, शांत डोक्यानं, काळा ओढला.

रीळ फिरायला लागलं!

पुढचं सगळं दहा सेकंदांत आटोपलं. रिळानं माझ्या दांडीवरची पहिली पँट अशी अलगद उचलली, जणू गव्हाची लोंबी! तिच्यामागे दुसरी. मग तिसरी. अकरा पँट आणि दोन कोट ओळीनं, शिस्तीत, एकही न चुकता आत गेले. पलीकडून सलूनवाल्याचे वाळत घातलेले टॉवेलही दोरीसकट आले. आत पात्यांनी त्यांची कापणी केली, ड्रमनं मळणी केली, आणि मशीनच्या मागून रंगीत कापूस गल्लीभर उडायला लागला. मग 'घुर्र... घ्यँक्!' असा आवाज झाला, जळका वास आला आणि इंजिन बंद पडलं.

कापूस सावकाश खाली येत होता. थोडा आत जाऊन हेडसरांच्या फेसावर बसला.

"ही राखाडी माझी का?" त्यांनी हळूच विचारलं.

मी मान खाली घातली.

ड्रायव्हरनं बाजूचं झाकण उघडून आत पाहिलं आणि हात झटकले. "ड्रमला कापड गुंडाळलंय. दोरीसारखं आवळलंय. खोलायचं म्हटलं तर सहा तास. आजचं काम गेलं, काका."

आणि तेव्हा माझी नजर गल्लीच्या टोकाला गेली. वहिनी भराभर चालत येत होत्या. डोक्याला रुमाल, हातात पाना. त्यांनी मशीन पाहिलं, कापूस पाहिला, मला पाहिलं. वाटलं, आता आपलं काही खरं नाही. पण त्या एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, पश्चिमेला आभाळ काळं झालंय."

वाचकहो, त्या चिडल्या असत्या तर मी रडलो असतो आणि घरी गेलो असतो. पण त्या चिडल्या नाहीत. दादा महिनाभर आडवा. तेव्हापासून सगळं त्यांनी एकटीनं बघितलेलं. रात्र-रात्र पाणी दिलेलं. आणि आता तो गहू माझ्या चौदा इंचांच्या ढिलाईपायी भिजणार? मी दुकानात गेलो. माझी मोठी, बारा इंची कात्री घेतली. शर्ट काढून ठेवला आणि त्या झाकणातून कमरेपर्यंत आत शिरलो.

"काका, अडकाल!" ड्रायव्हर ओरडला.

"अडकलो तर अडकलो! तुला गहू कळतो, मला कापड कळतं! टॉर्च धरा कुणीतरी!"

हेडरखालून रांगत एक माणूस बाहेर आला आणि त्यानं टॉर्च धरला. हेडसर! एका गालावर वाळलेला फेस, त्यावर कापूस. "फोटो उद्यावर ढकला म्हणून सांगितलंय," ते म्हणाले. "कोंडून बसण्यापेक्षा हे बरं."

आत काळोख, ग्रीस आणि तुकडे. पण बोट लावलं की मला कळत होतं. हे टेरिकॉट. हे सुती, आडवं ताणलेलं. हे अस्तर. ड्रायव्हर कोयत्यानं ओढत बसला असता तर आणखी आवळलं असतं. मी आधी उभा धागा शोधला, त्याच्या कडेनं कात्री घातली आणि एकेक पट्टी मोकळी करत गेलो. सव्वीस वर्षं कापून शिवलं. त्या दिवशी शिवलेलं कापत होतो, तेही उताणं पडून!

"हे काय निघालं?" हेडसर मधेच म्हणाले.

"तुमची मागची खिसापट्टी, सर."

"शिवण मात्र पक्की आहे हो. जशीच्या तशी राहिली."

एवढ्या गोंधळात कुणी आपल्या कामाचं कौतुक करावं! माझे डोळे भरून आले. अर्थात आत धूळही खूप होती.

बाहेर सलूनवाला, तोही हेडरखालून रांगत निघालेला, कूलरपुढे हात पसरून उभा होता. "हात लावायचा नाही! पिंजरा भिंतीत बसवलेला आहे!" वहिनींनी वाद घातलाच नाही. पाना लावला, चार बोल्ट काढले आणि कूलर पिंजऱ्यासकट त्याच्या कुशीत दिला. "भाऊ, घट्ट धरा हं. जड आहे." तो धरूनच राहिला.

दीड तासानं मी बाहेर आलो. माझ्या रंगाचा कुठलाही धागा माझ्या दुकानात नव्हता, एवढा काळा! ड्रायव्हरनं हातानं ड्रम फिरवून पाहिला. फिरला. इंजिन लावलं. धडधडलं! गल्लीनं टाळ्या वाजवल्या. मी वर चढायला लागलो तर ड्रायव्हर म्हणाला, "काका, तुम्ही पायी या. लांबून."

शेतावर पोचलो तेव्हा दोन वाजत आले होते आणि ढग गल्लीच्या छपरांपर्यंत आले होते. पण मशीन शेतात उतरलं आणि, काय सांगू, त्याचा थाटच बदलला! गल्लीत म्हशीसारखं अडलेलं ते धूड पिकात अशा झोकात चाललं, की सरळ रेषेत कात्री चालवणारा मीही बघत राहिलो. एका बाजूनं उभा गहू आत जायचा, मागून भुसा उडायचा, आणि टाकी भरली की नळीतून धो-धो दाणे ट्रॉलीत पडायचे. वहिनी ट्रॉलीत उभ्या राहून फावड्यानं दाणे पसरत होत्या. मधेच वाकून त्यांनी काहीतरी उचललं.

"भाऊजी, हे काय?"

बटण होतं. मग आणखी एक. मग हूक. मग मी आणि आमच्याबरोबर शेतावर आलेले हेडसर दोघंही ट्रॉलीत चढलो आणि दाण्यांतून बटणं वेचायला लागलो. सतरा सापडली. बाकीची कुणाच्या घासात येतील, देव जाणे!

शेवटचा पट्टा राहिला होता तेव्हा माझ्या टकलावर पहिला थेंब पडला. "चल! चल! थांबू नकोस!" मी बांधावरून धावत ओरडत होतो. ऐकू कुणालाच जात नव्हतं, पण मी ओरडत होतो. शेवटची लोंबी आत गेली, नळी रिकामी झाली, आम्ही चौघांनी ताडपत्री ओढली. तिचा शेवटचा कोपरा बांधतोय तोवर पाऊस असा कोसळला की समोरचं मशीन दिसेना!

आम्ही ट्रॉलीखाली बसलो. वहिनींनी दादाला फोन लावला.

"झाली कापणी?" दादाचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"झाली. एक दाणा भिजला नाही."

"धाकट्यानं केलं ना सगळं? काही त्रास नाही ना झाला?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. हेडसरांनी अर्ध्या दाढीवरून हात फिरवला. "नाही," वहिनी म्हणाल्या, "भाऊजी होते म्हणून तर झालं." आणि मग पदर तोंडाला लावून त्या जे हसत सुटल्या, ते फोन ठेवला तरी थांबेनात. महिन्याभरात मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

पाऊस उघडल्यावर ड्रायव्हर निघाला. मी त्याचा हात हातात घेतला. म्हटलं, झालं गेलं विसरून जा, पुढच्या हंगामालाही तूच ये.

"येईन की, काका. नक्की येईन. वहिनींना तसं बोललोय. फक्त एक अट घातलीय."

"बोल ना! काय पाहिजे ते बोल!"

"त्या दिवशी तुम्ही परगावी असायला पाहिजे."

वहिनींनी अट तिथल्या तिथे मान्य केली. मला आत्याकडे पाठवायचं ठरलंय. जाईन. आपला शब्द मोडायचा नाही. पण आत्याच्या घरी फोन आहे, आणि तिकडून सूचना देता येतात, हे अजून त्यांच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलेलं नाही!