हिंगणदऱ्याचा चेंडूशोध मार्ग

तरुण पिढी हा गावाचा पाया असतो, आणि पाया जमिनीखाली असल्यामुळे त्याच्याकडे रोज बघावे लागत नाही. हिंगणदरा नगरपंचायतीने मात्र पाच वर्षांपूर्वी त्याच्याकडे बघायचे ठरवले. मी तिथला मुख्य लिपिक. (लोक भाऊसाहेब म्हणतात. खरे नाव सेवापुस्तकात आहे.) त्या सगळ्या बैठकांचे इतिवृत्त माझ्याच हातचे असल्यामुळे पुढे सांगतो ते अधिकृत समजावे.

हिंगणदरा चाकणच्या मागे टेकडीला धरून आहे. गावात एक कंपनी होती. मोटारींच्या दरवाजांच्या बिजागऱ्या करायची. तीन शिफ्ट चालायच्या. प्रत्येक घराने मागच्या बाजूला पत्र्याच्या खोल्या काढून कामगारांना भाड्याने दिल्या होत्या, आणि कस्तुराबाई शितोळे यांच्या मेसमधून रोज एकशे चाळीस डबे जायचे. मग कंपनी दुसऱ्या राज्यात गेली. त्याच सुमारास बाह्यवळण रस्ता झाला, त्यामुळे ट्रकसुद्धा गावात यायचे बंद झाले. खोल्यांना कुलपे लागली. डबे नऊवर आले. (त्यातला एक कस्तुराबाईंच्या भावाचा.)

नगराध्यक्ष अण्णासाहेब टेमगिरे हे तळमळीचे गृहस्थ. शाळेच्या स्नेहसंमेलनाला पाहुणे म्हणून चाकणच्या एका कंपनीतल्या कोरियन साहेबांना बोलवायला ते गेले होते. साहेबांच्या सेक्रेटरीने सांगितले की शनिवार-रविवार साहेब मिळणार नाहीत, ते गोल्फ खेळायला जातात, जायला दोन तास आणि यायला दोन तास.  दुसऱ्याच दिवशी अण्णासाहेबांनी तातडीची बैठक बोलावली.

बैठकीत त्यांनी मांडलेला विचार मी शब्दशः उतरवून घेतला आहे. जिथे गोल्फ तिथे साहेब, जिथे साहेब तिथे कंपनी, जिथे कंपनी तिथे तरुण. सबब तरुणांना गोल्फकडे वळवले, की मधल्या दोन गोष्टी आपोआप घडतील. यात कुणाला चूक सापडली नाही. मी शोधली नाही, ते माझ्या पदाच्या कर्तव्यांत येत नाही.

कस्तुराबाई पाण्याच्या तक्रारीसाठी आल्या होत्या, त्या मागून म्हणाल्या, "अण्णा, त्या खेळाला माणसं किती लागत्यात?"

"एकटा माणूसपण खेळू शकतो, काकू."

"अन् बघायला किती येत्यात?"

"बघायला गर्दी नसते. शांतता लागते त्याला."

"शांतता हाय की आपल्याकडं. आणखी कशाला करायची?"

इतिवृत्तात मी 'महिलावर्गाकडून विषयाचे स्वागत झाले' अशी नोंद घेतली.

जागा म्हणून गावाच्या पश्चिमेचे गायरान निवडले गेले. अकरा एकर, सपाट, आणि मुख्य म्हणजे तिथे तरुण आधीपासून येत होते. रोज पहाटे साठेक मुलेमुली पोलीस भरतीच्या तयारीसाठी तिथे पळायची, गोळा फेकायची. म्हणजे आकर्षित करण्याचे निम्मे काम झालेलेच होते. अडचण इतकीच, की काम सुरू करायला जागा मोकळी हवी. त्यामुळे ज्यांना तिथे आणायचे होते त्यांना आधी तिथून घालवावे लागले. तारेचे कुंपण घातले आणि फाटकावर फलक लावला: 'युवकांसाठी राखीव. युवकांनी आत येऊ नये.' (फलकाचा मसुदा माझा. त्यात व्याकरणाची चूक नाही.)

गोल्फला अठरा छिद्रे लागतात. आपण चार घेतली, चौदा दुसऱ्या टप्प्यात ठेवली. खड्ड्यांच्या बाबतीत नगरपंचायतीला मोठा अनुभव असल्याने ते काम दोन दिवसांत झाले. हिरवळीचे मात्र अडले. गावाला पाणी तिसऱ्या दिवशी येते आणि गवताला हे समजावून सांगता येईना. शेवटी जी वाळली तिच्यावर रोपवाटिकेतली हिरवी जाळी अंथरली. लांबून, आणि डोळे थोडे बारीक केले तर, दृश्य परदेशी वाटे. खेळायच्या काठ्या जुन्या रस्त्यावरच्या गॅरेजवाल्या रिझवान शेखने दुचाकीच्या भंगारातून जोडून दिल्या. त्यातल्या दोन काठ्यांच्या टोकाला ब्रेकचे पेडल अजून ओळखू येते.

नोंदणी सुरू केली. पहिल्या महिन्यातील युवकांचा प्रतिसाद पुढीलप्रमाणे: चौकशी करणारे चार, त्यापैकी 'नोकरी आहे का' असे विचारणारे चार.

साठ मुले गेली कुठे, हा प्रश्न बैठकीपुढे आला नव्हता, त्यामुळे तो मलाही पडला नव्हता. ती बाह्यवळणाच्या सर्व्हिस रोडवर पळत होती. पहाटे तिथून कंपन्यांच्या बस जातात, कांद्याचे ट्रक जातात, आणि नव्या मोटारी वाहून नेणारे लांबलचक कंटेनर जातात. एका सोमवारी असा एक कंटेनर इतका खेटून गेला, की रिझवानची बहीण नबीला बाजूच्या गटारात फेकली गेली. उजवे मनगट मोडले. मैदानी चाचणीला चार महिने राहिले होते.

त्याच दिवशी अकरा वाजता साक्षी ओव्हाळ माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. तिचे वडील बुद्धभूषण बिजागरीच्या कंपनीत प्रेस मशीनवर होते, आता कंत्राटी म्हणून रोज चाकणला बसने जातात. नबीलाला गटारातून हिनेच बाहेर काढले होते. ट्रॅकसूटच्या गुडघ्यांवर अजून चिखल होता.

"भाऊसाहेब, पळायला ग्राउंड पाहिजे. सकाळी दोन तास."

"पळण्यासाठी अर्जाचा नमुना नाही," मी म्हणालो. हे खरे होते.

"मग कशासाठी आहे?"

"गोल्फसाठी आहे."

"आम्हाला गोल्फ नाही खेळायचा. आम्हाला भरती व्हायचंय."

"ते मी समजू शकतो. पण रकाना नाही."

ती रागावली नाही. रागावली असती तर मला सवय आहे. ती एवढेच म्हणाली, "नबीला विचारत होती, हात चार महिन्यांत गोळा फेकण्याइतका बरा होईल का. मी हो म्हणाले. मला काही माहीत नाही त्यातलं."

नोकरीत तीस वर्षे मी अर्ज नामंजूर करत आलो आहे आणि त्याचा त्रास कधी झालेला नाही. पण त्या दिवशी दुपारचा चहा गोड लागला नाही. चार वाजता मी निरोप धाडून तिला परत बोलावले आणि विचारले, "गोल्फचा चेंडू मारला की तो लांब जातो. मग तो कुणीतरी आणायला पाहिजे की नको?"

 "पळत?" साक्षीने विचारले.

"चालत आणला तर खेळाचा खोळंबा होईल," मी म्हणालो.

पुढच्या बैठकीत ठराव मांडला गेला. खेळाडूंनी मारलेले चेंडू तत्परतेने परत आणण्यासाठी युवा चेंडूशोध पथक स्थापन करणे. पथकासाठी चारशे मीटर लांबीचा, मुरूम दाबून केलेला, लंबगोल चेंडूशोध मार्ग तयार करणे. मुलांनी रोज त्याच्या चार फेऱ्या आणि मुलींनी दोन फेऱ्या, वेळ लावून, पूर्ण करणे. (भरतीच्या चाचणीत मुलांना सोळाशे आणि मुलींना आठशे मीटर पळावे लागते. हा निव्वळ योगायोग आहे.) तसेच दुसऱ्या छिद्राची खूण म्हणून तेथे लोखंडी गोळे ठेवणे, आणि खुणेखालचे गवत दबून मरू नये म्हणून सदर गोळे दररोज जमेल तितके लांब फेकून त्यांची जागा बदलणे.

मुख्याधिकारी विजयश्री मॅडम हुशार आहेत. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"भाऊसाहेब, चेंडू शोधायला चारशे मीटर?"

"चेंडू कुठेही जातो, मॅडम."

"आणि तो फिरून परत त्याच जागी येतो?"

"गोल असतो, मॅडम."

त्यांनी सही केली. मग पेनाचे टोपण लावत म्हणाल्या, "मुरूम नीट दाबून घ्या. पाय मुरगळता कामा नये चेंडूचा."

पथकात पहिल्याच आठवड्यात त्रेसष्ट युवक दाखल झाले. अण्णासाहेबांचे डोळे भरून आले. गोल्फकडे तरुणांचा एवढा ओढा जगात कुठे नसेल, असे ते म्हणाले, आणि ते खोटे म्हणता येणार नाही.

उद्‌घाटनाला कोरियन साहेब आले. (रविवार होता, पण गोल्फ म्हटल्यावर ते नाही म्हणू शकले नाहीत.) पहिला फटका अण्णासाहेबांचा. काठी तीनदा फिरली, चेंडू जागेवर होता. इतिवृत्तात 'अध्यक्षांनी चेंडूचे पूजन केले' असे आहे. मग साक्षीला पुढे केले. तिने काठी हातात धरली ती आयुष्यात पहिल्यांदा, पण खांदा चार किलोच्या गोळ्यावर तयार झालेला. चेंडू कुंपण, बाभळी आणि जुना रस्ता ओलांडून बाह्यवळणावरून चाकणच्या बाजाराकडे निघालेल्या कांद्याच्या ट्रकमध्ये पडला आणि त्याच्याबरोबर निघून गेला. साहेब उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. नंतर त्यांनी दुभाष्यामार्फत विचारले, की ही बाकीची मुले गोल गोल का पळत आहेत.

"तोच चेंडू शोधतायत," अण्णासाहेब म्हणाले.

 साहेब निघताना म्हणाले, की आमच्या देशात गोल्फला इतकी मेहनत कुणी घेत नाही. ही शिफारस म्हणून फाइलला जोडली आहे.

पुढे जे झाले ते नियोजनात नव्हते. दाबलेल्या मुरुमाचा, गाडी-घोडा नसलेला, मोजून चारशे मीटरचा मार्ग पंचक्रोशीत दुसरा नव्हता. शेजारच्या गावांतली मुले येऊ लागली, मग मराठवाड्यातली. रोज ये-जा परवडेना म्हणून त्यांनी हिंगणदऱ्यातच खोल्या घेतल्या. पत्र्याच्या दारांवरची कुलपे निघाली. बुटांचे दुकान झाले, केळ्यांच्या दोन गाड्या लागू लागल्या. पहाटे भरतीवाली मुले अंडी मागतात म्हणून कस्तुराबाईंनी, स्वतः माळकरी असून, अंड्यांसाठी वेगळी चूल मांडली. डबे एकशे बारावर गेले.

"तुमच्या त्या गोल्पानं गाव उठलं बरं का, भाऊसाहेब," त्या मला म्हणाल्या. "खेळताना मात्र अजून कुणी दिसलं न्हाई."

त्या वर्षी हिंगणदऱ्याची अकरा मुले पोलिसांत लागली. साक्षीचे नाव यादीत वरून दुसरे होते. नबीलाचे मनगट सांधले, पण गोळा पुरेसा लांब गेला नाही. दोन गुणांनी राहिली. यादी लागली तेव्हा दोघी मार्गावरच होत्या. रिझवान सांगत होता, की साक्षीच जास्त रडली, आणि नबीलाने तिला गप्प केले.

प्रशिक्षणाला जाण्याच्या आदल्या दिवशी बुद्धभूषण पेढे घेऊन कार्यालयात आले. "पोरगी उद्या निघतीय," ते म्हणाले. "बूट इथंच ठेवून चाललीय. नबीलाला होतात म्हणे. तिचा अजून एक चान्स आहे." मी पेढा घेतला आणि पोच लिहून द्यायला निघालो होतो, पण दिली नाही.

नगरपंचायतीने जिल्हाधिकारी कार्यालयाला अहवाल पाठवला: गोल्फशी जोडले गेलेले युवक तीनशे चाळीस, प्रत्यक्ष गोल्फ खेळणारे एक (अण्णासाहेबांचा भाचा, खांदा निखळल्याने सध्या बंद). अहवालाला पहिल्या क्रमांकाचे प्रशस्तिपत्र मिळाले. पाहणीसाठी इतर गावांची पथके आली. आणि प्रशस्तिपत्राची बातमी वाचून एक बिल्डरही आला.

त्याने गायरानाला लागून बारा मजल्यांच्या तीन इमारती उभ्या केल्या. दोनशे बारा फ्लॅट, प्रत्येकाच्या बाल्कनीतून गोल्फचे मैदान दिसेल असे. पिंपरीची, चऱ्होलीची, चांगल्या नोकऱ्यांतली सुशिक्षित कुटुंबे राहायला आली. माणसे खरोखर चांगली होती. आल्या आल्या त्यांनी भरतीच्या मुलांना पाण्याच्या बाटल्या वाटल्या आणि त्यांच्याबरोबर फोटो काढले. सहा महिन्यांनी त्यांच्या संस्थेचे पत्र आले, की पहाटे साडेपाचला शिट्ट्या वाजतात, फेऱ्या मोजल्या जातात, आणि गोल्फसारख्या शांत खेळाच्या मैदानावर हे योग्य दिसत नाही.

विजयश्री मॅडमची तोवर बदली झाली होती. नव्या मुख्याधिकाऱ्यांनी रहिवाशांचे मत मागवले. छापील पत्रकावर तीन पर्याय मीच लिहिले: एक, मुलांनी पळावे. दोन, पळू नये. तीन, मुलांचा आम्हाला अभिमान वाटतो, त्यांनी दुसरीकडे पळावे. दोनशे आठ पत्रके परत आली आणि दोनशे आठही जणांनी तिसऱ्या पर्यायावर खूण केली होती. इतके एकमत मी नोकरीत पाहिलेले नाही. मार्ग उखडून त्यावर कारंजे केले आहे.

मुले सध्या सर्व्हिस रोडवर पळतात. नबीला पुढे असते. रिझवान त्यांच्या मागून मोटारसायकल चालवतो, मागचा लाल दिवा चालू-बंद करत, कंटेनरवाल्यांना दिसावे म्हणून. मधे रखडलेली भरती आता निघाली आहे, चाचणीला नऊ आठवडे आहेत.

हे वाचताना आपण पहिल्यापासून मुलांच्या बाजूने होता, हे मला ठाऊक आहे. ते दोनशे आठ जणही होते. मुद्दा वेगळाच आहे. चार फ्लॅट अजून शिल्लक आहेत. पूर्वेकडची बाल्कनी, समोर कारंजे, पलीकडे हिरवळ. आपण सहकुटुंब बघायला या. पहाटे अगदी शांत असते. पत्रकाची एक प्रत मी आपल्यासाठी बाजूला काढून ठेवली आहे, आपला वेळ वाचावा म्हणून खूणही करून ठेवली आहे. फक्त सही करायची.