नऊ ग्रॅमची चोरी

गुन्हेगाराला घाम फोडायला मला बोलावंही लागत नाही. मी नुसता चष्मा पुसतो. पदार्थविज्ञानाची पदवी, घारीची नजर आणि स्वतःचा वजनकाटा असलेला गुप्तहेर आमच्या घराण्यात दुसरा नाही. मावशीने म्हणूनच मला गाठलं. मी फुकट येतो, हे कारण ती उगाच सांगत सुटते.

मावशी साबण करते. एका नव्या हॉटेलला तिने आठशे वड्या दिल्या. करार असा: प्रत्येक वडी शंभर ग्रॅमची, कमी भरली तर भरपाई. महिन्याने मॅनेजरने वड्या तोलल्या. प्रत्येक वडी एक्क्याण्णव!

"मी एकेक तोलून पाठवली होती रे!" मावशी रडकुंडीला आली. "भरपाईपायी वड्या कापायचं यंत्र विकावं लागेल. मग धंदा काय सुरीने करू?"

आम्ही हॉटेलात पोचलो. पहिला संशय उंदरांवर. पण मोजून नऊ ग्रॅम कुरतडून कागद परत गुंडाळणारा उंदीर पकडण्यापेक्षा नोकरीला ठेवावा असा. मग मी मॅनेजरचे हात हुंगले.

"हे काय चाललंय?"

"साबणाचा वास नाही. म्हणजे तुम्ही पुरावा धुतलात."

"कशाने?"

हा मुद्दा मी तूर्त बाजूला ठेवला. उरलं गुरुत्वाकर्षण. उंचीवर वजन घटतं. गणित केलं: हॉटेल जमिनीपासून तीनशे आठ किलोमीटर वर हवं. ते दुसऱ्या मजल्यावरच संपत होतं.

टॉवेलांच्या घड्या घालणाऱ्या बाई इतका वेळ ऐकत होत्या.

"साहेब, ओला टॉवेल वाळून हलका झाला की तुम्ही चोर शोधता का?"

मावशीने कपाळावर हात मारला. "पाणी उडालं! एरवी मी वड्या घरी सहा आठवडे वाळवायचे, वाळताना तोलत कधी नव्हते. यांनीच उद्घाटनाची घाई केली, मग ओल्याच दिल्या!"

मॅनेजर वरमला. तुटीच्या बदल्यात बहात्तर वड्या, त्याही नीट वाळवून, यावर मिटलं. यंत्र वाचलं.

"म्हणजे माझी केस सुटली," मी म्हणालो.

मावशीने पिशवीतून माझ्या अक्षरातला कागद काढला: 'चोर पकडून देईन, नाहीतर हवी ती भरपाई.'

"अगं, पण चोरच नव्हता!"

"ते कुठे लिहिलंयस?"

सध्या मी मावशीच्या फळीवरच्या बहात्तर वड्या रोज उलटतो आणि तोलतो. सहा आठवडे. पाणी माझ्या डोळ्यांदेखत पळतंय, आणि पकडता येत नाही.