डोंगरावरून उतरवलेल्या सासूबाई

बर्फाचं आणि माझं जुनं सख्य आहे, असं मी नोएलीनला लग्नाआधीच सांगून ठेवलं होतं. तरुणपणी फुटबॉल क्लबाच्या सहलीत मी माउंट कॉर्बीवर गेलो होतो आणि एक अख्खा उतार उभ्यानं उतरलो होतो. निदान सुरुवात तरी उभ्यानं केली होती. आमच्या डेनिलिक्विनकडची जमीन म्हणजे पोळपाट. भाताच्या खाचरांचे बांध सोडले तर उंच म्हणावं असं तिथे काही नाही, त्यामुळे एवढ्या भांडवलावरही माणूस गावात जाणकार ठरतो. म्हणून या जुलैत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, शाळांना सुट्टी लागली तेव्हा मी जाहीर केलं, की शिकवणी-बिकवणी लावायची नाही, सगळ्यांना स्की मीच शिकवणार!

सगळ्यांना म्हणजे नोएलीनला आणि आमच्या लेकीला, टॅम्सिनला. तिसऱ्या होत्या माझ्या सासूबाई, मर्ल. त्यांचा खुब्याचा सांधा नुकताच बदललेला, त्यामुळे त्यांनी डोंगराच्या पायथ्याशी उपाहारगृहात शेगडीजवळ बसून विणकाम करायचं असं ठरलं होतं. ठरवलं आम्ही. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

पहिल्याच सकाळी न्याहारीला त्या म्हणाल्या, की एवढ्या लांब आलोच आहोत तर एकदा माथ्यावर जाऊन खालचं बघून यावं म्हणते.

"मर्ल, तुमच्या वयात वर जायची कसली घाई?" मी म्हणालो.

मला त्यातला दुसरा अर्थ तेव्हा दिसला नाही. नोएलीननं टेबलाखालून माझ्या नडगीवर लाथ मारली तेव्हा दिसला. सासूबाईंनी हातातला टोस्ट बशीत ठेवला आणि त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्याच नाहीत.

माझी शिकवणी फार चालली नाही. टॅम्सिनला थांबायचं कसं हे दाखवताना मी स्वतः थांबलो नाही, आणि एका जपानी कुटुंबाच्या ग्रुप फोटोत आडवा घुसलो. ते बिचारे इतके सभ्य, की त्यांनी मला फोटोत ठेवूनच दुसरा फोटो काढला. नोएलीननं मला उठवलं, अंगावरचा बर्फ झटकला आणि सांगितलं, की आम्ही दोघी आता पैसे भरून शिकवणीला जातो, तू फक्त आईकडे लक्ष दे. तिला बर्फात पाऊल टाकू देऊ नकोस, तुझ्याकडून बाकी माझी काही अपेक्षा नाही.

एवढं काम कोणालाही जमेल. मी सासूबाईंना खिडकीशी बसवलं. भाड्यानं घेतलेलं जांभळं जॅकेट त्यांनी अंगातून काढायला नकार दिला, तोही हातवारे करून. मग मी मटणाची पाय, म्हणजे आमच्याकडची भाजलेली कचोरी, आणायला रांगेत उभा राहिलो. रांग मोठी होती आणि पुढे एका माणसाशी फुटबॉलवरून थोडा वादही झाला. परत येऊन बघतो, तर खुर्चीवर लोकरीचा गुंडा, सुया, अर्धा मोजा, आणि सासूबाई गायब!

टेबलं पुसणाऱ्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, जांभळ्या जॅकेटवाल्या आजी ना? त्या आत्ताच तारेवरच्या लिफ्टच्या खुर्चीत बसून वर गेल्या.

सकाळचं बोलणं त्यांनी मनावर घेतलं होतं! मी कचोरी तशीच टाकून, बाहेर रोवलेल्या स्की उचलून लिफ्टकडे धावलो. स्कीचे बूट घालून धावणं म्हणजे दोन्ही पाय बादल्यांत अडकवून धावणं. खुर्चीतून वर जाताना धुकं इतकं दाटलं, की माझेच गुडघे मला दिसेनात. नोएलीनला काय सांगायचं याची मी वाक्यं जुळवत होतो. एकही जुळत नव्हतं.

माथ्यावर गार वारा आणि सगळीकडे ताकासारखं पांढरं. उताराच्या अगदी कडेला एक जांभळी आकृती उभी होती. डोक्याला टोपी, डोळ्यांवर मोठा काळा चष्मा, तोंडावर लोकरीची पट्टी. आणि पायांत चक्क स्की! कोणा मूर्खानं सत्तरी ओलांडलेल्या बाईला स्की चढवून दिल्या, हेच मला कळेना.

"मर्ल," मी त्यांचा दंड घट्ट धरला, "माझं चुकलं. पण म्हणून जीव द्यायचा का?"

त्या काहीतरी बोलल्या, पण शब्द लोकरीतून गाळून आणि वाऱ्यावर उडून माझ्यापर्यंत आले तेव्हा त्यात फक्त राग उरला होता. त्यांनी हातातल्या काठीनं माझ्या पोटरीवर टोला दिला. म्हणजे त्याच होत्या, यात मला शंका उरली नाही.

तेवढ्यात बचाव पथकाचा ब्रोडी नावाचा दाढीवाला गडी तिथे आला. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, की या माझ्या सासूबाई, डेनिलिक्विनच्या मर्ल, खुब्याचं ऑपरेशन झालंय, आयुष्यात कधी स्की केलेली नाही आणि हल्ली जरा विसरतात. हे शेवटचं मी पदरचं घातलं. सासूबाई विसरतात तो फक्त चष्मा. पण लवकर मदत मिळावी म्हणून माणूस बोलून जातो.

ब्रोडी त्यांच्यापाशी वाकला आणि त्यानं गोड आवाजात त्यांचं नाव विचारलं. त्यांनी तोंडावरची पट्टी जराशी खाली ओढली.

"ओटिली ब्रांट. आणि या माणसाला मी ओळखत नाही."

ब्रोडीनं माझ्याकडे बघितलं. मी हळूच मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर अशी करुणा पसरली, की मलाच भरून आलं.

पुढे त्या जे जे बोलल्या त्यानं प्रकरण जास्तच पक्कं होत गेलं. त्या म्हणाल्या, मी जन्मभर या डोंगरावर स्की करत आलेय. मी ब्रोडीच्या कानात सांगितलं, काल बूट घालताना बाकावरून पडल्या होत्या. त्या म्हणाल्या, माझा नवरा खाली वाट बघतोय. मी सांगितलं, सासरे जाऊन बरीच वर्षं झाली. "हो आजी, आपण त्यांच्याकडेच जाऊ या हं," असं म्हणत ब्रोडीनं आणि त्याच्या जोडीदारानं त्यांना उचललं, स्लेजवर, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीवर, आडवं केलं, पांघरुणात गुंडाळलं आणि पट्ट्यांनी आवळलं. वारा बोचरा म्हणून लोकरीची पट्टी पुन्हा तोंडावर ओढली. खाली वायरलेसवरून निरोपही दिला, की मर्लबाई सापडल्या, सुखरूप आहेत, घरच्यांना कळवा.

स्लेज बर्फावरच्या मोटारीला जोडली होती. मला स्की करत खाली यायला सांगण्यात आलं. मी म्हणालो, अशा वेळी घरच्या माणसानं जवळ असावं, आणि ब्रोडीच्या मागे बसलो. उतरताना मी मागे वळून वळून पांघरुणावर थोपटत होतो. एकदा हात तोंडापाशी गेला तर त्यांनी लोकरीतूनच चावायचा प्रयत्न केला. एवढी ताकद खुब्याच्या ऑपरेशननंतर येते कुठून, याचं मला नवल वाटत राहिलं.

इकडे खाली काय झालं ते मला मागाहून कळलं. सासूबाई बूट वाळवायच्या खोलीत होत्या. तिथे छान ऊब असते म्हणून त्या बाकावर पाय पसरून बसल्या होत्या. तेवढ्यात कर्ण्यावरून घोषणा झाली, की डेनिलिक्विनच्या मर्लबाई माथ्यावर सुखरूप सापडल्या आहेत. त्या चक्रावल्या. मोज्यांवरच चौकशीच्या खिडकीशी गेल्या आणि म्हणाल्या, मर्ल तर मी आहे. खिडकीतल्या मुलीनं पडद्यावर बघून सांगितलं, की नाही हो, त्या गाडीवर आहेत, येतीलच इतक्यात. मग सासूबाई कोकोचा कप घेऊन दारात उभ्या राहिल्या. आपण कशा दिसतो ते बघू तरी, असं त्यांना वाटलं म्हणे.

आमची गाडी थांबली. घोषणा ऐकून नोएलीन आणि टॅम्सिनही धावत आल्या होत्या. नोएलीननं स्लेजकडे पाहिलं, मग दारातल्या आईकडे, मग माझ्याकडे.

"डग, ही कोण बांधून आणलीस?"

मी सासूबाईंकडे बघितलं. मग स्लेजवरच्या सासूबाईंकडे. दोन्हीकडे सासूबाई होत्या. काही क्षण मला खरोखरच वाटलं, की चूक नोएलीनची होतेय.

ब्रोडीनं पट्ट्या सोडल्या, चष्मा काढला. आतून एक लांबट, तांबूस, संतापलेला चेहरा निघाला. गर्दीतून एक सडपातळ म्हातारे गृहस्थ पुढे आले आणि शांतपणे म्हणाले, "ओटिली, तुला बांधलंय का?"

मी माफी मागितली. ब्रोडीनं मागितली. त्याच्या जोडीदारानं तर टोपी काढून मागितली. आणि बाई खरोखर मोठ्या मनाच्या. पांघरूण झटकून त्या म्हणाल्या, धुक्यात होतं असं, जन्मभरात एकदा स्लेजमध्ये बसायचं राहिलं होतं तेही झालं. सगळं मिटल्यात जमा होतं. मग त्यांनी सहज विचारलं, की तुमच्या सासूबाई कोणत्या?

मी दाखवल्या. सासूबाई मोजे घालून उभ्या होत्या. बुटक्या, गोल, वरच्या ओठावर कोकोची मिशी.

"मला बघून तुम्हाला ही वाटली?" ओटिलीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी तडक मॅनेजरला बोलवायला सांगितलं.

मॅनेजर आला, लेखी तक्रार झाली, आणि जाताना त्यांनी माझ्या दुसऱ्या पोटरीवर टोला दिला. सासूबाई मात्र भलत्याच खूश. ओटिलीबाईंच्या ताठ पाठीकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि सकाळनंतर पहिल्यांदाच माझ्याशी बोलल्या. "ती मी वाटले, ते पाठीमागून, की समोरून?" समोरून, असं मी सांगितल्यावर त्यांनी माझा गालगुच्चा घेतला. लग्नानंतरचा हा पहिला.

नोएलीननं मात्र मला खिडकीजवळच्या टेबलाशी बसवून शांतपणे विचारलं, की चष्म्याचं समजू शकते, पण आई तुझ्या खांद्याला लागते आणि ती बाई तुझ्याहून उंच आहे, ते कसं दिसलं नाही? मी म्हणालो, धुक्यात माणसं उंच वाटतात.

तिनं मान डोलावली. मग डोळे मिटून घेतले.

"माझे डोळे कोणत्या रंगाचे आहेत, डग?"

मी तिच्या मिटलेल्या पापण्यांकडे बघत राहिलो. तपकिरी म्हणावेत तर ते टॅम्सिनचे असतील अशी शंका. निळे म्हणावेत तर ते आमच्या कुत्र्याचे, एवढं नक्की. शेजारच्या टेबलावर सासूबाईंच्या सुयाही थांबल्या होत्या.

"एकदा जरा उघड ना," मी म्हणालो. "लगेच सांगतो."