भानुदास टिटव्याचा डोंगल

एका जंगलात, मुलांनो, नदीच्या वाळूवर भानुदास नावाचा टिटवा आणि गोदा नावाची टिटवी राहत होती. टिटव्या झाडावर घरटं बांधत नाहीत. चार खडे इकडे, चार खडे तिकडे, मध्ये अंडी, झाला संसार. यांच्या संसारात चार अंडी होती आणि शेजारच्या सपाट दगडावर एक जुना लॅपटॉप होता.

त्या वर्षी जंगलाच्या कचेरीने फर्मान काढलं. ज्याला वाळूवर पिल्लं वाढवायची असतील, त्याने शनिवारी सूर्य मावळायच्या आत ऑनलाइन अर्ज भरावा. ज्याचा अर्ज येणार नाही, त्याची वाळू म्हशींना लोळायला दिली जाईल. म्हैस वाईट नसते, मुलांनो. पण बसताना ती खाली बघत नाही.

"उद्याच भरतो," भानुदास म्हणाला. हे सोमवारी.

लॅपटॉपचं वायफाय गेल्या पुरात भिजून बिघडलं होतं. म्हणून भानुदासने बाजारातून बोटभर लांबीचा एक डोंगल आणला. तो यूएसबीत खोचला की वायफाय चालू होतं, असं दुकानदार म्हणाला. खोक्यावरही तसंच लिहिलं होतं. भानुदासने खोचला. काही झालं नाही. काढून उलटा खोचला, तो जाईना. पुन्हा सुलटा खोचला. तरी काही झालं नाही.

आता या जंगलातल्या सगळ्या लॅपटॉपांवर मुंगसे सरांनी मुक्त प्रणाली बसवून दिली होती. मुंगसे सर म्हणजे एक विद्वान मुंगूस. त्या प्रणालीला कुणी फुकट म्हटलं की त्यांच्या शेपटीचे केस उभे राहत. "फुकट नव्हे, मुक्त," ते म्हणत. "तिच्या पोटात काय चाललंय ते कुणीही उघडून बघू शकतो." आजवर कुणी बघितलं नव्हतं, पण बघू शकत होता.

भानुदास उडत सरांच्या वडाच्या पारावर गेला.

"डोंगल चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, नसेल," सर म्हणाले. "डोंगलच्या आत चिप कोणती आहे?"

"खोक्यावर नाव लिहिलंय, सर."

"खोक्यावरचं नाव वाचतोस? एकाच नावाच्या खोक्यात ही कंपनी दरवर्षी वेगळी चिप घालते. आधी घरी जाऊन लॅपटॉपला आज्ञा दे, चिपचं नाव विचार, मग ये."

भानुदास घरी आला, आज्ञा दिली, नाव पाठ करत परत गेला. सरांनी नाव ऐकून डोळे मिटले, म्हणजे भानुदासला कळलं की आपलं काही खरं नाही.

"याचा ड्रायव्हर तयार मिळत नाही," सर म्हणाले. "कच्चा मिळतो. तो घरी नेऊन आपला आपण बांधायचा. नेटवर आहे."

"पण सर, नेट नाही म्हणून तर ड्रायव्हर हवाय."

"इथे पारावर नेट आहे. पेनड्राइव्हवर घेऊन जा."

भानुदासने पेनड्राइव्ह गळ्यात अडकवला आणि घरी येऊन गोदाला सगळं समजावून सांगितलं. गोदा अंड्यांवर बसून ऐकत होती.

"पारावर नेट आहे ना," ती म्हणाली. "मग अर्ज तिथेच भरून या की."

भानुदास तिच्याकडे बघतच राहिला.

"अगं, मग डोंगलचं काय?"

यावर गोदा काही बोलली नाही. शहाणी माणसं इथेच गप्प बसतात, म्हणून त्यांच्याविषयी गोष्टी फारशा लिहिल्या जात नाहीत.

मंगळवारपासून भानुदास ड्रायव्हर बांधू लागला. बांधायला घेतला की लॅपटॉप म्हणे, आधी अमुक आण. अमुक आणलं की म्हणे, याला तमुक लागतं. तमुकला एक धाकटा भाऊ लागायचा आणि त्या भावाची जुनी आवृत्ती. दर वेळी भानुदास पारावर उडत जाई आणि पेनड्राइव्ह भरून आणी. कचेरी वाटेतच होती. तिच्यावरून तो दिवसातून अकरा वेळा उडाला.

आता टिटव्यांचा रिवाज असा, की निम्मा दिवस नराने अंड्यांवर बसायचं. पण भानुदासला वेळ कुठे? माघाची थंडी पडलेली. गोदालाही पोट होतं, किडे टिपायला जाणं भाग होतं. तिने जरा विचार केला. ड्रायव्हर बांधताना लॅपटॉप चुलीवरच्या तव्यासारखा तापतो, हे तिच्या लक्षात आलं होतं. पाऊल लावून बघितलं तर त्याच्या बुडाशी बेताची ऊब होती. तिने चोचीने एकेक अंडं ढकलत लॅपटॉपच्या कडेला नेलं आणि ती निघाली. भानुदासला ते कळलंही नाही.

बुधवारी पारावर नेटवर एक जुनी नोंद सापडली. एका घोरपडीला नऊ वर्षांपूर्वी नेमकी हीच अडचण आली होती. तिने अडचण अगदी तपशीलवार लिहिली होती. खाली दोन दिवसांनी तिनेच लिहिलं होतं, 'जमलं. सर्वांची आभारी आहे.' पुढे काही नव्हतं. भानुदासला रडू आलं.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. शनिवारी ऊन कलतं झालं आणि डोंगलचा निळा दिवा लागला.

भानुदास तीन वेळा हवेत उडाला. नेट आलं होतं. सूर्य अजून हातभर वर होता. अर्जाचं पान उघडणार, इतक्यात त्याला सरांची शिकवण आठवली. नेट मिळालं की सर्वांत आधी प्रणाली अद्ययावत करावी. सज्जनाचं ते लक्षण आहे. त्याने होकाराचं बटण दाबलं.

प्रणालीने नवा गाभा आणला, बसवला, आणि लॅपटॉप बंद होऊन पुन्हा सुरू झाला. भानुदासचा ड्रायव्हर जुन्या गाभ्याच्या मापाने बांधलेला. नव्याला तो बसेना. निळा दिवा गेला. थोड्या वेळाने सूर्यही गेला.

भानुदास वाळूत बसला. त्याला म्हशी दिसू लागल्या.

"गोदा," तो म्हणाला, "आपली वाळू गेली. माझ्यामुळे गेली."

"कुठे गेली?" गोदा म्हणाली. "मंगळवारीच अर्ज भरला मी. खंड्याभावजींच्या फोनवरून. पोच पण आली."

पलीकडच्या फांदीवर खंड्या पक्ष्याने ओशाळून मान वळवली.

भानुदास वाळूतून उठला. "पाच दिवस मी मरमर मेलो. सांगायचं नाही मला?"

"सांगितलं असतं तर तुम्ही हे बंद केलं असतं," गोदा म्हणाली आणि तिने पंख बाजूला केला.

लॅपटॉपच्या बुडाशी एक अंडं तडकलं होतं. त्यातून ओली चोच बाहेर आली होती आणि बापाकडे बघून काहीतरी मागत होती.

भानुदासने पिल्लाकडे पाहिलं. उरलेल्या तीन अंड्यांकडे पाहिलं. लॅपटॉपला पाऊल लावून पाहिलं. तो निवत चालला होता.

"नव्या गाभ्यासाठी परत बांधायला घेऊ का मग?" त्याने विचारलं.

"घ्या," गोदा म्हणाली, आणि पिल्लासाठी किडे टिपायला गेली.

तात्पर्य : प्रयत्नांती परमेश्वर भेटतो हे खरं आहे. अर्ज मात्र शेजाऱ्याच्या फोनवरून भरावा. आणि प्रयत्न करणाऱ्याला हे लगेच सांगू नये. घरात ऊब राहते.