भरल्या सेलाला बुक्का

"लाईट जाऊ दे, नळाचं पाणी जाऊ दे, बेळगावची शेवटची बस जाऊ दे. माझा फोन काय जात न्हाय," असं रवळूनं सप्ताहाच्या सहाव्या दिवशी देवळाच्या पायरीवर उभं राहून जाहीर केलं आणि खिशातून एक डबी काढून सगळ्यांसमोर धरली.

डबी साबणाच्या वडीएवढी. आत भिंतीवरच्या घड्याळात घालतात तसल्या मापाचे दोन सेल, बाहेर फोनची वायर खुपसायला एक भोक आणि वर बारकासा निळा दिवा. सेल मात्र वापरून फेकायचे नव्हेत, पुन्हा पुन्हा चार्ज करायचे.

"दोन सेलांवर फोन चालतोय व्हय?" ज्योतिबानं विचारलं. ज्योतिबा म्हणजे सप्ताहात मांडवाच्या दारात उभं राहून येईल त्याच्या कपाळाला बुक्का लावणारा माणूस. गेली वीस वर्षं त्याच्या हातून एकही कपाळ सुटलेलं नाही.

"नुसत्या सेलांवर न्हाय. आत बूस्टर हाय. थोडं असलं की लई करून देतोय."

"म्हंजे आमच्या भावकूअण्णागत. घोरपड एक बघायची, सांगताना तीन."

खालच्या पायरीवर बसलेले भावकूअण्णा खुशीनं हसले. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे गावात त्यांचं कुणाशी वाकडं नाही.

"त्यापरास सरळ एक पावर बँक घ्यायची की रं," ज्योतिबा म्हणाला.

रवळूनं त्याच्याकडे असं बघितलं, जसं काही त्यानं देवळात चपला घालून यायला सांगितलं. रवळूची उद्यमबागेतल्या फाउंड्रीत मेंटेनन्सला तीस वर्षं गेलेली. जिला स्क्रू नाही ती वस्तूच नव्हे, हे त्याचं ठाम मत.

"पावर बँक म्हंजे तोंड शिवलेलं पोतं. आत गहू हाय का भुसा, कुणाला ठावं? हे उघडतंय. सेल संपला, काढला, दुसरा घातला. माझ्याकडं बारा हायत."

एवढ्या तयारीचं कारण होतं नागूआक्का. नागुबाई रवळूची थोरली बहीण. आई लवकर गेली, रवळूला हिनंच वाढवला आणि कीर्तनाचा नाद पण हिनंच लावला. चाळीस वर्षं काल्याच्या कीर्तनाला आक्का पहिल्या रांगेत, खांबाला टेकून. तिचा एक नेम होता. दहीहंडी फुटल्यावर बुवा शेवटी जे एक वाक्य सांगतात, ते पदराला गाठ मारून घरी न्यायचं आणि वर्षभर त्यावर चालायचं. एका वर्षी बुवा म्हणाले होते, "भांडण जेवायच्या आधी संपवावं." त्या वर्षी आक्काच्या घरात जेवणं दुपारी चार वाजता झाली, पण नेम मोडला नाही.

यंदा खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि आक्का लेकीकडं, प्रियदर्शनीकडं, संकेश्वरला पलंगावर पडून. फोनवर तिनं एकच विचारलं होतं, "रवळू, यंदाचं वाक्य रं?"

"व्हिडिओवर दाखवतो आक्का. शेवटचा शब्द तुझ्या कानात पडंपर्यंत फोन बंद पडणार न्हाय. माझा शब्द हाय."

आता अडचण एवढीच, की मांडवात फोनला बंदी. ही बंदी रवळूनंच दोन वर्षांपूर्वी आणलेली. दड्डीकर बुवा रंगात आले असताना कुणाच्या तरी खिशात लग्नाचा बँड वाजला, तेव्हा कीर्तनवेड्या रवळूनं ठराव मांडला. सगळ्यांचे फोन बंद करून दारात टोपलीत टाकायचे, टोपली देवळाच्या कपाटात, किल्ली ज्योतिबाच्या कमरेला आणि कीर्तन संपेपर्यंत कपाट उघडायचं नाही. यंदा बुवांनी आक्कासाठी म्हणून एकट्या रवळूला मोकळीक दिली. म्हणजे मांडवात पाचशे माणसं आणि जिवंत फोन एक.

काल्याच्या आदल्या रात्री रवळूनं सेल चार्जिंगला लावले. चार्जरमध्ये एका वेळी चार. दोन फेऱ्या झाल्या, आठ सेल भरले आणि तिसरी फेरी लागायला आणि लाईट जायला एकच गाठ पडली. सकाळपर्यंत आली नाही. फोन चाळीस टक्क्यांवर, आठ सेल भरलेले, चार रिकामे, आणि बाराही दिसायला एका आईची लेकरं.

"खूण कर की पेनानं," बायको, यशोदाबाई, म्हणाली.

पेन त्या गुळगुळीत अंगावर उमटेना. तेव्हा रवळूला सुचलं. देव्हाऱ्यातली बुक्क्याची डबी घेतली, बोट ओलं केलं आणि आठ भरल्या सेलांच्या पोटावर एकेक ठिपका ठेवला. "भरल्याला बुक्का, रिकामा कोरा. खूण पण झाली आणि देवाचं नाव पण."

"रिकामे कशाला नेतायसा मग?"

"घरात ठेवले की तू रिमोटात घालतीस. आणि मांडवात लाईट आली तर तिथंच चार्जिंगला लावतो."

मांडवात लाईट नव्हतीच. स्पीकरवाल्यानं आपला कर्णा गाडीच्या बॅटरीवर लावलेला. त्याच बॅटरीला माझा फोन चार्जिंगला लावू का म्हटल्यावर त्यानं हात जोडले, मागच्या वेळी कुणाचा तरी चार्जर लावला आणि कर्ण्यातून तासभर भुंगा बोलत होता म्हणे. रवळू हसला. आपल्याकडं काय कमी आहे? उलट त्यानं बुवांच्या कमरेला लावायच्या माईकच्या डबीत स्वतःचे दोन भरलेले सेल घातले. "सेवा म्हणून घ्या, बुवा." दोन सेल स्वतःच्या डबीत. उरलेले आठ, चार ठिपक्याचे आणि चार कोरे, एका ताटलीत घालून देवाच्या तसबिरीपुढं हाताशी ठेवले. चांगल्या कामाला निघालेले सेल जमिनीवर कसे ठेवायचे?

कीर्तन उभं राहिलं. निळा दिवा लागला. पडद्यावर आक्का उशीला टेकून हात जोडून बसलेली, मागं प्रियदर्शनी आणि गल्लीतल्या चारपाच बायका. पाऊण तास असा गेला, की रवळूला वाटलं, आपण संकेश्वरापर्यंत मांडव घातला.

मग दिवा मिणमिणला आणि विझला. रवळूनं संपलेले दोन सेल खिशात टाकले आणि न बघता ताटलीत हात घातला. मग बघितलं.

आठही सेलांना बुक्का होता. पोटावर नव्हे, डोक्यावर. जिथून करंट येतो त्या टोकावर चांगला जाड, दाबून लावलेला.

त्यानं मान वळवली. ज्योतिबा शेजारून चालला होता. रवळूनं त्याचं धोतर धरलं.

"बुक्का कुणी लावला ह्यास्नी?"

"मी," ज्योतिबा हळूच म्हणाला. "देवापुढं बसल्यात, आणि चौघं बिचारे कोरेच. बरं दिसंना. मग म्हटलं, दुसऱ्या चौघांना तरी पोटावर का, कपाळावर लावू. सगळ्यांचं एकसारखं करून टाकलं. पोटावरचं पुसलं."

"पुसलं?"

"बुक्का पोटावर लावत्यात व्हय कुठं?"

रवळूच्या डोळ्यांपुढं खरोखरच सगळं काळं झालं. आठातले चार भरलेले, कुठले ते विठोबाला माहीत, आणि दोन्ही भरलेले जुळल्याशिवाय दिवा लागणार नाही. त्यानं एक जोडी उचलली, टोकं धोतराला पुसली, घातली. नाही. दुसरी. दिव्यानं डोळा मारला आणि मिटला. फोन अकरावर. काढलेले सेल ताटलीत परत टाकले आणि टाकल्यावर कळलं, की आता कुठले बघून झाले आणि कुठले राहिले ते पण गेलं. फोन सातवर.

"ज्योतिबा, एक फोन काढ कपाटातनं. कुणाचा बी."

"नियम कुणाचा?"

"माझाच रं."

"मग?"

दरम्यान एक सेल घरंगळत भावकूअण्णांच्या मांडीपाशी गेला. अण्णांनी बघितलं, देवापुढच्या ताटलीतून आलेलं, बुक्का लावलेलं काहीतरी. त्यांनी ते दोन्ही डोळ्यांना लावलं, कपाळाला लावलं आणि रुमालात बांधून बंडीच्या आतल्या खिशात घातलं.

"अण्णा, तो सेल हाय," रवळू कुजबुजला.

"व्हय व्हय, तुला बी मिळंल," अण्णा म्हणाले. "गप बस."

रवळू गुडघ्यावर रांगत पुढं गेला, तर त्याच्या कोपरानं ताटली उडाली. सात सेल सात दिशांना. दोन टाळकऱ्यांच्या पायात गेले. त्यातल्या एकाची टाळाची उडी आणि पखवाजाची थाप यांचं त्या दिवशी जे बिनसलं, ते आरतीपर्यंत जुळलं नाही. फोननं आवाज न करता डोळे मिटले. आक्का गेली. म्हणजे पडद्यावरून.

वर दहीहंडी हलत होती. फुटायला पाचेक मिनिटं. रवळू वाकलेल्या अवस्थेत तसाच राहिला, कारण त्याच्या डोळ्यांपुढं बुवांची कंबर आली. त्या कमरेला एक काळी डबी होती आणि तिच्यात सकाळी स्वतःच्या हातानं घातलेले दोन सेल. अख्ख्या मांडवात तेवढेच खात्रीचे. तो बघत राहिला. बघता बघता त्याचा हात आपोआप थोडा वर झाला.

बुवा थांबले. टाळ थांबले.

"रवळूबा," माईकमधून बुवा म्हणाले, "मघापासनं बघतोय. लोक देवाचे पाय धरत्यात. तुमची नजर माझ्या करगोट्यावर का?"

मांडव हसला. रवळू तिथंच उभा राहिला. तोंडातून कशीबशी चार वाक्यं निघाली. आक्का, शेवटचं वाक्य, सेल, बुक्का. बुवांनी ऐकून घेतलं. मग कमरेची डबी काढली, गळ्याचा माईक काढला आणि त्याच्या हातावर ठेवला.

"घ्या. चाळीस वर्षं ती माउली माझ्यापुढं बसली. मी चुकलो की तिची मान हलायची, म्हणून मी सुधारलो. माझा आवाज मांडवाला पुरतोय."

आणि बुवांनी उघड्या गळ्यानं गवळण उचलली. पाचशे माणसं पुढं सरकून ऐकू लागली. रवळूला मात्र ते ऐकायला सवड कुठली? सेल काढले, डबीत घातले, उलटे पडले, पुन्हा सुलटे घातले. निळा दिवा लागला. फोन सावकाश जागा झाला आणि उठता उठता कंपनीची धून सगळ्या मांडवाला ऐकवली. रवळूनं पुन्हा व्हिडिओ लावला, आक्का परत आली. हंडी फुटली. दही, लाह्या, गलका. रवळूनं फोन दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि बुवा शेवटचं बोलून हात जोडेपर्यंत नजर त्या निळ्या दिव्यावरून हलू दिली नाही.

मग फोन खाली घेतला. "दिसलं न्हवं, आक्का?"

"दिसलं रं बाळा. हंडी फुटताना दिसली, दही दिसलं," आक्काचे डोळे पाणावलेले. "बुवांचं तोंड बी हालताना दिसलं. आवाज तेवढा आला न्हाय. माईक बंद हाय का? काय सांगितलं शेवटी?"

रवळूनं तोंड उघडलं. बुवांपासून चार हातांवर तो उभा होता. माणसाच्या कानात यायचं ते सगळं त्याच्या कानात आलं असणार. पण आत बघतोय तर निळा दिवा सोडून काहीच नाही.

त्यानं ज्योतिबाकडं बघितलं. ज्योतिबा कपाट उघडायला गेलेला. भावकूअण्णांकडं बघितलं. अण्णांनी खिसा दाबून धरला.

"आक्का," रवळू म्हणाला, "मी सेलाकडं बघत हुतो."

मग आक्का म्हणाली, "बुवांना दे फोन."

बुवांचा घसा उघड्या गळ्यानं गाऊन पार बसलेला. त्यांनी फोन तोंडाशी नेला आणि काहीतरी कुजबुजले. आक्का हसली. इतकी, की प्रियदर्शनीनं तिचा खुबा धरला. बुवांनी फोन परत दिला आणि जेवायला गेले.

"काय म्हणाले, आक्का?"

"वाक्य मिळालं, पदराला गाठ मारली," आक्का डोळे पुसत म्हणाली. "यंदा त्यावर तुलाच चालायचं हाय. म्हणाले, रवळूबाला म्हणावं, एक पावर बँक घे."

रवळूनं घेतली. आक्काचा नेम, मोडायचा कसा? शनिवारी बेळगावातून आणली, घरी न नेता आधी देवळात नेली आणि देवापुढं ठेवली. ज्योतिबा तिथंच होता. त्यानं बुक्का लावला. बरोबर भोकात.