मैंदर्गीच्या अलीकडचा ओढा

आमच्या शेजारच्या सिद्रामप्पांना भेटायला सकाळी कोणी आलं, की नीलव्वा वहिनी दारातच सांगायच्या, "ते कुंभारीला गेलेत." त्याच वेळी आतल्या खोलीतून सिद्रामप्पांच्या धापा स्वच्छ ऐकू येत असायच्या. पाहुणा गोंधळून आत बघायचा, मग वहिनींकडं बघायचा. वहिनी ज्वारी निवडत राहायच्या आणि म्हणायच्या, "येतील तासाभरात."

त्या घराच्या हिशेबी यात खोटं काही नव्हतं. सिद्रामप्पा खरोखरच कुंभारीला गेलेले असायचे. फक्त जाताना त्यांनी घर सोडलेलं नसायचं.

सिद्रामप्पा सोलापुरातल्या एका गिरणीत कापड तपासायच्या खात्यावर होते. दिवसभर टेबलावर ठाण पसरायचं आणि तुटलेला धागा, पडलेला डाग हुडकायचा. नजर तीक्ष्ण झाली, पण बसून बसून अंग सुटलं. जिना चढताना मध्येच टेकायला लागले, तेव्हा डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. त्याच सुमारास गिरणीतला एक साहेब विलायतेला परत निघाला होता. जाताना त्यानं मोडीत काढलेली सायकल सिद्रामप्पांनी घेतली.

पहिल्याच दिवशी ते तिच्यावर बसून पूर्व भागात शिरले. तिकडं विणकरांनी रंगवलेलं ओलं सूत गल्लीभर बांबूंवर टाकलं होतं. सिद्रामप्पांना ब्रेक आठवला नाही. दहा मिनिटांनी ते सायकल हातात धरून परत आले तेव्हा कमरेपासून वर लालभडक होते, आणि मागून दोन बाया तेलुगूत काहीतरी सांगत येत होत्या. ते कौतुक नव्हतं एवढं मला कळलं.

त्यानंतर सायकल रस्त्यावर न्यायची नाही असं त्यांनी ठरवलं. लोहाराकडून दोन पायांची एक लोखंडी घोडी करून घेतली. मागचं चाक तिच्यावर उचलून धरलं, की कितीही पायडल मारा, सायकल जागची हलत नसे. पंधरा दिवस त्यांनी उत्साहानं मारले. मग कंटाळले. समोर भिंत, वर छप्पर, आणि घाम मात्र खरा. खिडकीकडं तोंड करून बघितलं, तर खिडकीत मी दिसायचो. त्यानं त्यांचा उत्साह वाढला नाही.

एके दिवशी मात्र ते मला बोलावून म्हणाले, "मास्तर, पायाला गाव दिसलं पायजे. गाव दिसलं की पाय चालतोय."

त्यांनी चाकाला सूत गुंडाळून त्याचा घेर मोजला आणि किती फेऱ्यांचा मैल होतो ते काढलं. आऱ्याला चामड्याची पट्टी बांधली. दर फेरीला ती घोडीवर टक् करून आपटायची. कापडातले धागे मोजणाऱ्या माणसाला टक् मोजणं म्हणजे काहीच नव्हतं. तेव्हापासून त्यांची सायकल अक्कलकोटच्या रस्त्याला लागली, आणि एकदा सुरू झालेला रस्ता त्यांनी सोडला नाही.

मी शाळेत भूगोल शिकवतो. म्हणून जिल्ह्याचा एक जुना नकाशा त्यांना नेऊन दिला. त्यांनी तो उलटसुलट बघून परत केला. "ह्यात चढ न्हाईत," म्हणाले. चढ त्यांना पाठ होते. चढ आला की ते ब्रेक थोडा आवळून ठेवायचे आणि कण्हत पायडल मारायचे. उतार आला की सोडून द्यायचे आणि मिशीवरून हात फिरवायचे. कुठं चिंचेची सावली आहे, कुणाच्या विहिरीचं पाणी मचूळ आहे, सगळं माहीत. सावली आली की थांबून तांब्याभर पाणी प्यायचे. मधे कोणी हाक मारली तर ओ द्यायचे नाहीत. बाहेरगावी गेलेल्या माणसाला घरातली हाक कशी ऐकू येणार?

एकदा यात ते चांगलेच अडकले. वळसंगपर्यंत गेले आणि तेवढ्यात गिरणीचा भोंगा झाला. दुसरा कोणी असता तर सायकलवरून उतरून सदरा घातला असता. सिद्रामप्पांनी आधी वळसंग ते सोलापूर सगळी वाट पायडल मारून तोडली, मग आंघोळ केली आणि दुपारी गिरणीत गेले. खात्याच्या साहेबानं कारण विचारलं, तर यांनी खरं कारण सांगितलं. साहेबानं त्यांना त्या दिवशी घरी पाठवलं. तेव्हापासून परतीचा प्रवास मोटारीनं झाला असं धरायचं ठरलं. म्हणजे खाली उतरून थोडा वेळ पिशवी मांडीवर घेऊन खाटेवर गप्प बसायचं.

रविवारी मोठी फेरी असे, थेट मैंदर्गीची. पहाटे निघायचे. अक्कलकोटात भाकरी खायचे आणि पुढं सुटायचे. पण इतक्या रविवारांत ते मैंदर्गीला एकदाही पोचले नाहीत. गावाच्या अलीकडं एक ओढा आहे म्हणे. तिथं आले की पायडल थांबायचं. "ओढ्याला पाणी हाय," असं सांगून ते खाली उतरायचे. ऐन वैशाखात, सोलापुरातले आड तळाला गेलेले असताना, मी त्यांना विचारलं की ओढ्याला पाणी कुठून आलं. ते म्हणाले, "वरच्या अंगाला पडलाय पाऊस."

मला याची मोठी गंमत वाटायची. शाळेत मी ही गोष्ट रंगवून सांगत असे.

श्रावण लागला. पंचमीच्या आधीचा रविवार होता. मी मुद्दाम त्यांच्या खोलीत जाऊन बसलो होतो. ओढ्यापाशी पट्टीचा आवाज मंदावला, तसा मी म्हणालो की आत्ताच एक गाडीवान तिकडून आलाय, ओढा कोरडा ठणठणीत आहे. सिद्रामप्पांनी माझ्याकडं बघितलं. मग मान खाली घालून पायडल मारायला लागले. वेस आली, म्हणाले. पाराला वळसा घातला. मग एकदम पाय थांबले. चाक आपलं फिरत राहिलं. पट्टी टक् टक् करत हळूहळू गप्प झाली.

"दार उगडंच हाय," ते म्हणाले. आणि हॅन्डल दोन्ही हातांनी धरून तसेच बसून राहिले. उतरेनात.

नीलव्वा वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनीच मला सांगितलं.

मैंदर्गीला सिद्रामप्पांची थोरली बहीण दिलेली होती. आई लहानपणीच गेली, तेव्हा या अक्कानंच त्यांना वाढवलं. कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं ती त्यांना तम्मा म्हणायची. दर पंचमीला तिला माहेरी आणायला सिद्रामप्पा मुराळी म्हणून जायचे. मुराळी म्हणजे भाऊच हवा, निदान घरचं कोणीतरी. पण नऊ वर्षांपूर्वी सिद्रामप्पांना बढती मिळाली. टेबलावरचे मुख्य झाले आणि हाताखाली एक शिपाई आला. त्या पंचमीला त्यांनी मुराळी म्हणून त्या शिपायाला पाठवलं. रजा मिळाली असती, वहिनी म्हणाल्या. पण आपल्याला शिपाई आहे हे अक्काच्या सासरी कळावं, असं यांना वाटलं. अक्का ट्रंक भरून दारात बसली होती. तिनं शिपायाला पोटभर जेवायला घातलं आणि रिकाम्या हातानं परत पाठवलं. भावाला सवड झाली की येईन, एवढाच निरोप दिला. त्यानंतर ना ती आली, ना हे गेले.

शाळेत सांगितलेल्या सगळ्या गोष्टी मला आठवल्या आणि माझी मलाच लाज वाटली. मी हळूच म्हणालो, "अप्पा, उद्या सकाळी अक्कलकोटची सर्व्हिस मोटार आहे. पुढं टांगा मिळेल. जाऊन या."

"मोटार लई लवकर पोचवती, मास्तर," सिद्रामप्पा म्हणाले. "तेवढ्या येळात काय बोलायचं ते ठरत न्हाय. म्हणून सायकलनं जातो. तरी बी अजून ठरलं न्हाय."

वहिनींनी तांब्या आणून दिला. ते पाणी प्यायले आणि परतीच्या मोटारीसाठी खाटेवर जाऊन बसले.

सोमवारी सकाळी गिरणीतला शिपाई इमामभाई त्यांच्या दारात उभा होता. हाच तो, नऊ वर्षांपूर्वी मैंदर्गीला जेवून आलेला. अप्पा कामावर आले नाहीत म्हणून साहेबानं त्याला पाठवलं होतं. वहिनी ज्वारी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मैंदर्गीला गेलेत."

इमामभाईला या घरची रीत ठाऊक होती. तो समजुतीनं हसला, चपला काढून सरळ आतल्या खोलीत गेला आणि लगेच बाहेर आला.

"अंदर तो कोई नै, भाभी," तो म्हणाला.

"मैंदर्गीला गेलेत," वहिनी पुन्हा म्हणाल्या. या वेळी त्यांचे डोळे भरले होते. इमामभाई तिथंच उंबऱ्यावर टेकला.

संध्याकाळी उशिरा दारात टांगा थांबला. आधी ट्रंक उतरली, मग काठी, मग इरकली लुगड्यातली एक ठेंगणी म्हातारी. उतरल्या उतरल्या तिनं नऊ वर्षांत नीलव्वानं घराची काय दशा केली ते बघायला सुरुवात केली. आतली सायकल बघून हे काय, म्हणून विचारलं. डॉक्टरनं सांगितलंय, एवढंच सिद्रामप्पा म्हणाले. पंचमी झाली तरी अक्का महिनाभर राहिली, आणि तेवढे दिवस त्या सायकलवर तिचं लुगडं वाळत असायचं.

मला राहवलं नाही. एकदा एकटं गाठून मी सिद्रामप्पांना विचारलं, शेवटी बोललात तरी काय?

"काय बी न्हाय," ते म्हणाले. "मी दारात हुबा राहिलो. ती म्हणली, तम्मा, उशीर केलास की, जेवलास का? मी न्हाय म्हणलो. मग जेवलो."

एवढं सांगून ते आत गेले, कारण अक्का हाक मारत होती.